हँडलच्या क्लॅम्पमध्ये अडकलेला बोल्ट: एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने नऊ वर्षे जुन्या मोटारसायकलवर तीन गोष्टी बसवायचे ठरवले होते: हँडल २५ मिलिमीटरने वर उचलणारे राइझर, दोन्ही मुठींपुढचे हँडगार्ड आणि एक मोबाइल होल्डर. हे काम एरवी दीड-दोन तासांचे आहे. प्रत्यक्षात दोन संध्याकाळी आणि एक अख्खी सकाळ गेली. हा सगळा वेळ हँडलला गाडीशी जखडून धरणाऱ्या क्लॅम्पमधल्या एका बोल्टने आणि हँडलच्या टोकाच्या एका स्क्रूने खाल्ला. हँडलवर काही जोडू पाहणाऱ्या पुष्कळ जणांची गाडी नेमकी इथेच अडते, आणि तिथे घाईने उचललेले पाऊल पुढे फार महाग पडते. म्हणून हे प्रकरण जसे घडले तसे लिहून ठेवत आहे.

मी पोहोचलो तेव्हा दोन क्लॅम्पच्या चारपैकी तीन बोल्ट निघून स्टीलच्या वाटीत पडले होते. डावा क्लॅम्प पूर्ण उघडा होता आणि उजव्या क्लॅम्पचा पुढचा बोल्टही निघाला होता. उजवा मागचा बोल्ट मात्र हलायला तयार नव्हता. "मामा, फिरतंय असं वाटतं, पण फिरते ती चावी, बोल्ट नाही," असे भाचा म्हणाला. असे जाणवले की त्याच क्षणी हात थांबायला हवा. ॲलन की (षटकोनी चावी) बोल्टच्या डोक्यातल्या खाचेत घसरत फिरू लागली की पुढचा प्रत्येक झटका खाचेच्या कडा खरवडत जातो. त्याने त्यानंतर आणखी चार-पाच वेळा जोर लावला होता.

या जागी बोल्ट आठ मिलिमीटरचे आणि १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे होते. त्यांच्या गोल डोक्यात षटकोनी खाच असते. प्रमाणित मापानुसार अशा बोल्टचे डोके १३ मिलिमीटर व्यासाचे व ८ मिलिमीटर उंचीचे, खाच ६ मिलिमीटरची आणि तिची खोली किमान ४ मिलिमीटर असते. म्हणजे चावीला धरायला जेमतेम चार मिलिमीटरची भिंत मिळते. या खाचेच्या तळाशी चिखलाचा कडक थर बसला होता. दाभणाने तो टोकरून काढला तेव्हा जवळजवळ दीड मिलिमीटर जाडीची खपली निघाली. थोडक्यात, चावी अडीच मिलिमीटरच आत जात होती आणि तिच्यावर चार मिलिमीटरच्या पकडीचा जोर लावला जात होता. त्यातच भाच्याकडची चावी गोल टोकाची होती. अडचणीच्या जागी तिरकी घालून बोल्ट भरभर फिरवण्यासाठी ते टोक चांगले असते. घट्ट बसलेला बोल्ट पहिल्यांदा सोडवण्यासाठी मात्र ते कधीही वापरू नये, कारण ते खाचेला सपाट बाजूंनी धरत नाही, ठिपक्याएवढ्या जागेवर टेकते.

खाच किती गेली आहे हे पाहायची एक सोपी रीत आहे. मी ६.५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा तिच्यात घालून पाहिला आणि तो सहज उतरला. शाबूत खाचेत तो शिरायलाच नको होता. त्यावरून खाच जवळपास गोल झाल्याचे कळले आणि सहाची चावी पुन्हा लावण्याचा प्रश्न निकाली निघाला.

बोल्ट अडकला कशामुळे

खाच गेली हा परिणाम होता, मूळ कारण वेगळे होते. बाकी तीन बोल्ट साध्या जोराने निघाले, मग हाच का अडला? आधीच्या दुरुस्तीत कोनसेट (हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग) बदलला तेव्हाही हा एक बोल्ट त्रास देत होता, असे भाच्याला सांगितले गेले होते. टॉर्चच्या उजेडात क्लॅम्पच्या दोन भागांमधल्या फटीत पाहिले तर बोल्टच्या दांड्याभोवती पांढरी, खडूसारखी भुकटी दाटलेली दिसली. ती ॲल्युमिनियमची होती. क्लॅम्प ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यांची एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. झिजून तयार झालेली भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ती बोल्टला चहूबाजूंनी आवळते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांत खारा वारा असतोच. ही गाडी साइड स्टँडवर, उघड्यावर, हँडल एका बाजूला वळवून उभी राहते. त्यामुळे पाणी नेहमी त्याच एका भोकात साचत असणार, असा माझा तर्क आहे.

अशा बोल्टला तीन ठिकाणी पकड असते. पहिली पकड डोक्याच्या खालच्या सपाट भागाची. बोल्ट आवळताना लावलेल्या ताकदीचा मोठा वाटा, ढोबळमानाने निम्मा, तिथल्या घर्षणातच जातो. दुसरी पकड वरच्या क्लॅम्पमधल्या भोकाची. त्या भोकाला आटे नसतात, बोल्ट तिथून नुसता पार होतो. पण भुकटीने भरले की तेही बोल्टला धरते. तिसरी पकड खालच्या आट्यांची. मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. अडकलेल्या बोल्टशी झुंजणारे बहुतेक लोक फक्त आट्यांचा विचार करतात आणि सगळे उपाय तिकडे रोखतात. या प्रकरणात आट्यांचा वाटा सर्वांत कमी होता, हे शेवटी हातात आलेल्या बोल्टने दाखवून दिले.

भाच्याने आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारले होते, पण ते बोल्टच्या खाचेत. खाच ही बंद वाटी आहे, तिचे भोक आट्यांपर्यंत जात नाही. रात्रभर तेल त्या वाटीत जसेच्या तसे उभे होते. डोक्याच्या कडेने मारले असते तरी आवळलेले डोकेच बुचासारखे बसलेले असल्याने फारसे आत गेले नसते. तेलाला वाट होती ती क्लॅम्पच्या फटीतून. तिथे बारीक नळी लावून तेल सोडले, तेव्हा दांड्याभोवतीची पांढरी भुकटी ओली होऊन राखाडी झालेली डोळ्यांनी दिसली.

पहिल्या दोन संध्याकाळी

सर्वांत आधी मी काढलेला पुढचा बोल्ट त्याच क्लॅम्पमध्ये परत घातला आणि हलका आवळला. भाच्याला हे उलटे वाटले. पण क्लॅम्पचा एक बोल्ट पूर्ण निघाला की वरचा भाग तिरपा होतो आणि उरलेला बोल्ट भोकाच्या कडेवर वाकून रेटला जातो. मुळात अडलेल्या बोल्टवर हा नवा भार येतो. म्हणून चारही बोल्ट आधी पाव-पाव फेरा सैल करावेत आणि ते सगळे सैल झाल्यावरच एखादा पूर्ण काढावा. चारांतला एक जरी हलला नाही, तरी बाकीचे जागेवर ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यावे.

नंतर २०० ग्रॅमच्या छोट्या हातोडीने, पितळी ठोकणी मध्ये धरून, बोल्टच्या डोक्यावर पंधरा-वीस हलके सरळ ठोके दिले. ठोक्याच्या धक्क्याने भुकटीचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. मोठी हातोडी मी मुद्दाम टाळली. हँडलच्या क्लॅम्पवर बसणारा घाव टीमधून (क्लॅम्प जिच्यावर बसतात त्या पट्टीतून) थेट कोनसेटमध्ये उतरतो, तिथल्या छर्ऱ्यांचे खळगे वाटीत उमटतात आणि मग हँडल सरळ रेषेत आल्यावर अडकल्यासारखे होऊ लागते. एका बोल्टपायी नवा कोनसेट खराब करण्यात काही अर्थ नव्हता.

गोल झालेल्या खाचेत टी-४० मापाचा सहा पाकळ्यांचा बिट ठोकून बसवणे हा पुढचा सर्वमान्य उपाय. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून तो घातला. थोडे धरल्यासारखे वाटले, पण जोर येताच सुटला. टी-४५ बसला असता, मात्र तो आत घालायला जड हातोडीच लागली असती, म्हणून तो विचार सोडून दिला. डोक्यावर हॅक्सॉ ब्लेडने चीर पाडून पेचकसाने फिरवण्याची सोय नव्हती, कारण डोके क्लॅम्पच्या खळग्यात बुडालेले होते. डोक्यावर नट वेल्ड करून फिरवण्याची युक्ती कारखान्यात मी अनेकदा यशस्वी झालेली पाहिली आहे, पण पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर असताना ती मी कुणालाही सुचवणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी उष्णतेची पाळी आली. बॅटरीची ऋण तार सोडली, टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, ब्रेकचा होस आणि वायरी ओल्या फडक्याने गुंडाळल्या आणि हीट गनने बोल्टवर झोत न धरता भोवतीचा क्लॅम्प तापवला. यामागचे गणित साधे आहे. तापमान १०० अंशांनी वाढले तर आठ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.०१८ मिलिमीटरने मोठे होते, तर तेवढाच पोलादी बोल्ट सुमारे ०.०१० मिलिमीटरने फुगतो. पदरात पडते ती जेमतेम ०.००८ मिलिमीटरची मोकळीक. ती डोळ्याला दिसत नाही, पण ठिसूळ थर तडकवायला पुरते, आणि गरम-थंड असे दोन-तीन वेळा केले की तेल आणखी खोल जाते. मात्र हे सगळे करून बोल्ट सैल झाला, तरी त्याला फिरवणार कशाने, हा प्रश्न उरलाच. खाच तर संपलेली होती.

ईझी आउट का वापरला नाही

इथे बहुतेक जण ईझी आउट आणतात. बोल्टच्या मध्यात भोक पाडायचे, उलट्या पिळाचा निमुळता खिळा त्यात ठोकायचा आणि फिरवायचा. डोके तुटलेल्या पण आट्यांत मोकळ्या असलेल्या बोल्टसाठी हे साधन उत्तम आहे. गंजाने आवळलेल्या बोल्टमध्ये मात्र निमुळता खिळा पाचरीसारखा वागतो, बोल्टला आतून फुगवतो आणि भोकात आणखी दाबतो. शिवाय तो फार कडक आणि म्हणून ठिसूळ असतो. आत तुटला तर त्याच्यावर साधा ड्रिल बिट चालत नाही. मग टूलरूममध्ये स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी झिजवून, काढून घेणे किंवा वरची टी बदलणे एवढेच हाती राहते. मी उपाय निवडताना हीच एक कसोटी लावतो: हा उपाय फसला, तर पुढच्या उपायाला जागा उरते का? तेल, ठोके आणि उष्णता फसली तरी काही बिघडत नाही. ईझी आउट फसला तर सगळे दरवाजे बंद होतात.

डोके ड्रिलने उडवणे ऐकायला विध्वंसक वाटते, पण त्याने पुढच्या कशाचीच वाट अडत नाही. बोल्ट तर तसाही टाकायचाच होता. डोके गेले की तीन पकडींपैकी पहिली, म्हणजे सर्वांत मोठी, नाहीशी होते; वरचा क्लॅम्प काढता येतो आणि धरायला दांड्याचा चांगला लांब तुकडा मिळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते केले. हँडल दोरीने वर टांगून ठेवले, म्हणजे केबलांवर ओढ येणार नाही. इग्निशनच्या किल्लीचे भोक आणि स्विच चिकटपट्टीने बंद केले, कारण लोखंडाचा कीस तिथे शिरला तर नवे दुखणे सुरू होते. सेंटर पंचची गरज नव्हती. सहा मिलिमीटरच्या खाचेत ७ मिलिमीटरचा बिट आपसूक मध्यावर बसतो. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण केली आणि ड्रिल कमीत कमी वेगाने, तेलाचे थेंब सोडत चालवले. कठीण पोलादावर वेग वाढवला की बिट जळतो आणि खालचा धातू आणखी कडक होतो. सातनंतर ८ चा बिट लावला. खाचेखाली चार मिलिमीटर पोलाद होते. ते संपत आले तेव्हा कीस लांब वेटोळ्यांऐवजी बारीक तुकड्यांत येऊ लागला, मग किंचित 'टक्' झाले आणि बोल्टचे डोके बांगडीसारखे सुटून बिटभोवती फिरू लागले. भाच्याने ते बोटांत धरले आणि चटका बसून लगेच सोडले.

क्लॅम्प तरीही निघेना. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा क्षण हाच होता. डोके नाही, पुढचा बोल्ट काढलेला, आणि तरी वरचा क्लॅम्प दांड्याला घट्ट धरून होता. म्हणजे दुसरी पकड, बिनआट्यांच्या भोकातली, पूर्ण ताकदीने शिल्लक होती. पुन्हा तापवून लाकडी हातोडीने खालून आलटून-पालटून ठोके दिल्यावर क्लॅम्प एकेक मिलिमीटर वर सरकला आणि निघाला. त्याच्या भोकातून चमचाभर पांढरी भुकटी खाली सांडली. वर राहिलेल्या सुमारे १८ मिलिमीटरच्या दांड्याला लॉक होणारी पक्कड लावली, आधी थोडे घट्ट होण्याच्या दिशेने फिरवले, मग सैल होण्याच्या. दोनदा कर्र वाजले आणि तिसऱ्या खेपेला दांडा अर्धा फेरा फिरला. उरलेला बोल्ट बोटांनीच निघाला. वरच्या तीन-चार आट्यांवर खपली होती; खालचे सगळे आटे काळेभोर आणि स्वच्छ होते.

टोकाचा स्क्रू

हँडगार्ड बसवायला हँडलच्या टोकाची वजने काढावी लागतात. डाव्या वजनाच्या स्क्रूची फुलीची खाच आधीच अर्धी गेली होती. जपानी घडणीच्या गाड्यांवर दिसायला फिलिप्ससारखे, पण खाचेजवळ एक बारीक ठिपका असलेले स्क्रू असतात. त्यांची खाच जपानी मापाची असते आणि तिच्यात साधा फिलिप्स पेचकस पूर्ण तळाला न टेकता वर उचलला जातो. या गाडीवर तोच ठिपका होता. योग्य टोक लावलेल्या, हातोडीच्या घावावर फिरणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने तो स्क्रू चौथ्या घावाला सुटला. घाव घालताना भाच्याने हँडलचे दुसरे टोक अंगाने दाबून धरले होते.

याच ओघात आरशांबद्दल सांगायला हवे, कारण मोबाइल होल्डर अनेकदा आरशाच्या बुडाशी बसवतात. काही यामाहा गाड्यांवर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. तो 'सोडवायला' म्हणून नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस प्रत्यक्षात तो आवळत असतो आणि ब्रेकच्या बुडाचे ॲल्युमिनियमचे आटे उपटून टाकतो. जोर लावण्यापूर्वी दुसऱ्या दिशेने एकदा हलके फिरवून पाहावे.

पुन्हा जोडणी

खालच्या भोकात आठच्या मापाचा टॅप (आटे पाडायचे व साफ करायचे हत्यार) हाताने, तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा चालवला. आटे शाबूत होते. ते गेले असते तर भोक मोठे करून त्यात तारेचे नवे आटे बसवता आले असते, पण ते लेथवाल्याकडून सरळ रेषेत करून घ्यावे, हातातल्या ड्रिलने करू नये.

बोल्ट चारही नवे आणले, डोक्यावर ८.८ ही ताकदीची प्रत कोरलेले. भाच्याची इच्छा चकचकीत स्टेनलेसच्या बोल्टची होती. बाजारात मिळणारे सर्वसाधारण ए२-७० प्रतीचे स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा ताकदीला कमी असतात. शिवाय खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमशी त्यांचे साध्या पोलादापेक्षाही कमी जमते. बोल्ट चमकत राहतो आणि भोक झिजत जाते. हँडलच्या क्लॅम्पला ते नकोत, या मतावर मी ठाम राहिलो. लांबी निवडताना राइझरची पूर्ण उंची मिळवली आणि किमान १२ मिलिमीटर, म्हणजे व्यासाच्या दीडपट आटे खाली धरले जातील याची पट्टीने खात्री केली. आट्यांवर आणि वरच्या भोकातल्या दांड्यावरही अँटी-सीझ पेस्टचा (बोल्ट अडकू न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात दिला. आटे असे ओशट असले की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून या गाडीच्या पुस्तिकेत कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या २३ न्यूटन-मीटरऐवजी टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) १८ वर लावला. पुढचे बोल्ट आधी, मग मागचे, असा पुस्तिकेतला क्रम पाळला.

हँडल उंच झाल्यामुळे ते डावीकडे-उजवीकडे टोकापर्यंत वळवून ब्रेकचा होस आणि क्लचची केबल ताणली जात नाही ना, हे इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत पाहिले. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे असे समजावे. इथे ती किंचित ओढली जात होती, म्हणून तिची वाट टीच्या मागून बदलून घेतली. शंभर किलोमीटरनंतर चारही बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. एकही हलला नाही.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये भाच्याने तोच उजवा मागचा बोल्ट मुद्दाम एकदा सोडवून पाहिला. सरळ टोकाची सहाची चावी त्याने आधी खाच दाभणाने साफ करून मगच घातली. बोल्ट पहिल्याच जोराला सुटला. दांड्याभोवती राखाडी पेस्ट तशीच ओलसर होती.